आईला मेंदूची गोळी सुरू करू का?

"मॅडम, आई फार विसरून राहिली. मेंदूसाठी एखादी चांगली व्हिटॅमिनची गोळी सांगा ना." हा प्रश्न घेऊन येणारी मुलं-सुना माझ्याकडे नेहमीच असतात. हे कुटुंब नागपूरच्या नंदनवन भागातलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काकू बहात्तरच्या, निवृत्त शिक्षिका. गॅसवर दूध ठेवून विसरायच्या, भिशीचे पैसे दोनदा द्यायला निघायच्या. मुलाने एक महागडी बाटली ऑनलाइन मागवूनही ठेवली होती.

घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, असं मी सांगतेच. पिशवी टेबलावर रिकामी केली. शुगरसाठी मेटफॉर्मिन, कित्येक वर्षांपासून. अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल, पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली, ती कोणी बंदच केली नव्हती. त्यात घर शाकाहारी आणि दूध चहापुरतं. या सगळ्याने व्हिटॅमिन बी-12 कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येतात का, असं विचारलं तर काकू म्हणाल्या, "येतात, पण वयच झालं ना बाप्पा."

औषध ठरवणं माझं काम नव्हे. मी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. बी-12 आलं 140. दोनशेच्या खाली म्हणजे साधारणपणे कमतरताच. इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांत मुंग्या कमी झाल्या, भिशीचा हिशेब जुळायला लागला. नावं मात्र अजूनही आठवत नाहीत.

मुलाचा पुढचा प्रश्न रास्त होता: कमतरता नसेल तरी गोळी घेतलेली बरी ना? अमेरिकेत पासष्टीपुढच्या डॉक्टरांना बाराएक वर्षं मल्टिव्हिटॅमिन देऊन पाहिलं. 2013 मध्ये निकाल आला, बुद्धीत काही फरक नव्हता. 'कॉसमॉस' या नंतरच्या अभ्यासात स्मरणशक्तीच्या चाचणीत थोडा फायदा दिसला, पण तेवढ्याने डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टळतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट व्हिटॅमिन डी-चं आठवड्याला एक घ्यायचं 60,000 युनिटचं पाकीट रोज घेणारे आजोबा मी पाहिलेत. डी अति झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि माणूस त्यानेच गोंधळतो!

ती बाटली डॉक्टरांनी बाजूला ठेवायला सांगितली. तपासणीत काकूंना ऐकूही कमी येतं असं निघालं. नावं मुळात नीट कानावरच पडत नसतील तर आठवणार कुठून? कानाच्या यंत्राला अजून त्यांचा नकार आहे. पुढच्या भेटीत तेच बोलायचंय.