एफडी मोडू नका, आधी तीस बिलं काढा

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला टॅली येतं, तुमच्या कृषी सेवा केंद्राची बिलंही तीच बघते. आता एका क्लासनं 'प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग'साठी, म्हणजे एआय चॅटबॉटला नेमक्या सूचना (प्रॉम्प्ट) लिहून काम करून घ्यायला शिकवण्यासाठी, 48,000 रुपये फी सांगितलीय, नोकरीची हमी दिलीय, आणि त्यासाठी एफडी मोडावी का असं तुम्ही विचारलंय.

मोडू नका. या विषयात शिकण्यासारखं जे आहे ते फुकट मिळतं, आणि सराव करायला लागणारा माल तुमच्या दुकानातच पडलाय.

आधी हमीबद्दल. 2023 मध्ये अमेरिकेतल्या अँथ्रॉपिक या एआय बनवणाऱ्या कंपनीनं या कामासाठी वर्षाला 3,35,000 डॉलरपर्यंत पगाराची जाहिरात दिली होती. ती बातमी जगभर गाजली. पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांना नोकरी लागते ती अकाउंट्सला, कस्टमर सपोर्टला, कंटेंटला. तिथं एआयकडून काम नीट करून घेता येतं का, हे बघतात. नुसतं प्रॉम्प्ट लिहायचं वेगळं पद मला आपल्या भागात दिसलेलं नाही.

शिकायला सुरुवात 'प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग गाइड' या संकेतस्थळापासून करावी. ओपनएआय, गूगल आणि अँथ्रॉपिक यांनी आपापल्या संकेतस्थळांवर मार्गदर्शिका मोफत ठेवल्यात, त्या वाचाव्यात. पुढे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावीशी वाटली तर 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर आयआयटी रोपारचा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग' हा कोर्स आहे. शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी. पायथन थोडं आलं की अँड्र्यू एनजी आणि इसा फुलफोर्ड या एआयमधल्या जाणकारांचा प्रॉम्प्ट लिहिण्यावरचा दीड तासाचा छोटा कोर्स बघावा. इंग्रजीत अडलं तर तेवढा परिच्छेद चॅटबॉटकडूनच मराठीत समजून घ्यावा.

हे सगळं तीन-चार आठवड्यांत होईल. खरं शिक्षण त्यानंतरचं आहे.

दुकानातली तीस जुनी बिलं काढा. गिऱ्हाइकाचं नाव, फोन, जीएसटी नंबर झाकून फोटो घ्या. मोफत चॅटबॉटमध्ये टाकलेला मजकूर कंपनी पुढे वापरू शकते, म्हणून यात हयगय नको. प्रत्येक बिलाची तारीख, माल, करपात्र रक्कम आणि कराचा दर मुलीनं स्वतःच्या हातानं शीटमध्ये लिहावा. ही तिची उत्तरपत्रिका. मग चॅटबॉटला तीच माहिती काढायला सांगावी आणि तीसपैकी किती बरोबर आली ते मोजावं. नंतर प्रॉम्प्टमध्ये एकच बदल करावा. कधी दोन सोडवलेली बिलं नमुना म्हणून द्यावीत, कधी 'बिलावर नसेल तर आढळलं नाही असं लिही' ही ओळ घालावी. पुन्हा तीसही तपासावीत. एका वेळी दोन बदल केले, तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

इथंच तिचं कॉमर्स कामाला येतं. ठिबकच्या संचावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. चॅटबॉटमागच्या ज्या एआय मॉडेलचं शिक्षण त्याआधीच्या मजकुरावर झालंय, ते नव्या बिलालाही बेधडक 12 टक्के लावू शकतं. उलट, ऑगस्ट 2025 मधल्या बिलावर 12 टक्केच बरोबर. ही चूक पकडायला बिलाची तारीख बघायची सवय लागते, आणि ती तुमच्या मुलीला आहे. मग प्रॉम्प्टमध्ये तारखेनुसार दर काय ते तिनंच लिहून द्यावं.

'पायरी पायरीनं विचार कर' ही युक्ती 2022 मध्ये फार गाजली. आजची बरीच मॉडेलं न सांगताच तसं करतात. युक्त्या अशा जुन्या होतात, म्हणून त्यांच्या पाठांतरासाठी पैसे देऊ नयेत. हातानं उत्तरं लिहून तपासायची पद्धत मात्र मॉडेल बदललं तरी उपयोगी पडते, आणि मुलाखतीत ती शीट उघडून दाखवता येते.

दिवसाला एक तास, दोन महिने द्या. एवढं करूनही शिकवणारं कुणी समोर हवंच वाटलं, तर फी भरण्याआधी क्लासकडून नोकरीची हमी लेखी मागा: किती पगाराची, किती महिन्यांत, नाही लागली तर पैसे परत कधी.

महिनाअखेरीला तिची शीट मला पाठवायला सांगा. चुकलेली बिलं त्यातून काढून टाकू नयेत, मला तीच आधी बघायची आहेत.