केदारकंठ्याला मोबाइलची रेंज नसेल तर?

प्रश्न : आम्ही इंदूरचे चौघं डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला जातोय, भाच्याने दुबईहून सॅटेलाइट मेसेंजर (थेट उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र) आणलाय, तो घेऊन जाऊ का? घरचे फार काळजी करतायत.
– एक वाचक, राजवाडा

उत्तर : ताई, तो डबा घरीच ठेवा! टेलिकॉम खात्याच्या परवानगीशिवाय आपल्याकडे सॅटेलाइट फोन आणि असली यंत्रं चालत नाहीत, एअरपोर्टवर बॅगेत सापडलं म्हणून लोकांना पोलिसांनी धरलंय, मग ट्रेक राहिला बाजूला. सोबत लोकल गाइड घ्या, त्याच्या ग्रुपकडे वॉकीटॉकी आहे का हे पैसे भरायच्या आधी विचारा, नुसतं "हो हो सगळं आहे" ऐकून गप्प बसू नका.

सांकरी, म्हणजे जिथून ट्रेक सुरू होतो ते गाव, त्याच्या वर रेंज गेलीच समजा. पण जीपीएसला नेटवर्क लागत नाही, म्हणून ऑफलाइन मॅप आधीच उतरवा, अडचण आली तर तिथला अक्षांश-रेखांश बघून घ्या आणि चिठ्ठीवर लिहून खाली जाणाऱ्याच्या हातात द्या. कुठल्याही कंपनीचा टॉवर पकडला तर 112 हा आपत्कालीन नंबर लावून बघा. फोन एअरप्लेन मोडवर टाकून आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता बसते. आणि शिट्टी, हो साधी शिट्टी, गळ्यात हवीच (बॅगेच्या तळाशी असली तर काय उपयोग): मदत हवी असली की मिनिटात सहा वेळा फुंकायची, मिनिटभर थांबायचं, परत तेच.

घरच्यांना मुक्कामांची यादी द्या, आणि कोणत्या तारखेला किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर उत्तरकाशी जिल्ह्याच्या आपत्ती कंट्रोल रूमला कळवायचं हेही ठरवून जा.