सेन्सरवाले जिवाणू आणि सोसायटीची टाकी

प्रश्न : मुलगी एस.वाय. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे. तिचा गट जनुकं बदललेल्या ई. कोलाय जिवाणूचा ‘सेन्सर’ बनवतोय. स्यूडोमोनास जंतू जवळपास असला की तो हिरवा चमकतो म्हणे. आता आमच्या सोसायटीच्या टाकीत टाकून बघायचं तिच्या डोक्यात आहे. हे जंतू घरात आले तर? आणि यात पुढे नोकरी मिळते का? – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, काळजी रास्त आहे, पण तुम्ही भलत्याच जंतूला घाबरताय. कॉलेजात वापरतात तो ई. कोलाय बहुधा के-१२ वंशाचा असतो. वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वाढून तो पार मवाळ झालाय. धोक्याच्या चार गटांत त्याची जागा पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या गटात. स्यूडोमोनास दुसऱ्या गटातला. भाजलेल्या किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना तो फार छळतो.

म्हणून मुलीला आधी हे विचारा : चाचणीसाठी जिवंत स्यूडोमोनास वाढवता का? हे जंतू एकमेकांना खुणावायला एएचएल नावाचे रेणू सोडतात आणि असे सेन्सर बहुतेकदा तेच ओळखतात. तो रेणू शुद्ध रूपात विकत मिळतो. सुरुवातीची कितीतरी कामं त्यावर भागतात. जिवंत कल्चर लागणारच असेल, तर ते उघडता कुठे? बऱ्याच कॉलेजांतल्या ‘लॅमिनार’मध्ये, म्हणजे स्वच्छ हवेच्या कामाच्या कपाटात, गाळलेली हवा प्लेटवरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. प्लेट स्वच्छ राहते, पोरगी नाही! अशा कामाला क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेट हवं, ते काम करणाऱ्यालाही जपतं. आणि हो, अ‍ॅप्रन डब्याच्याच पिशवीतून घरी येत असेल तर ते आजच बंद करा.

टाकीचा बेत मात्र साफ नको. सेन्सरच्या प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूत घातलेल्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर, सहसा अँपिसिलिन किंवा कॅनामायसिन या प्रतिजैविकांना दाद न देणारं जनुक असतं. ई. कोलाय मेला तरी ते जनुक पाण्यातल्या दुसऱ्या जिवाणूकडे जाऊ शकतं. मुलं अभिमानाने सांगतात, ‘आम्ही किल-स्विच बसवलाय’, म्हणजे बाहेर पडला की जिवाणू आपोआप मरावा अशी सोय. पण उत्परिवर्तनाने ज्याचा स्विच बिघडतो तोच जिवाणू जगतो आणि वाढतो, त्यामुळे एकट्या स्विचवर विसंबता येत नाही. शिवाय पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९च्या नियमांनुसार असे जीव परवानगीशिवाय बाहेर सोडताच येत नाहीत. ती परवानगी जनुकबदलाच्या प्रस्तावांची छाननी करणाऱ्या दिल्लीच्या जीईएसी समितीकडून घ्यावी लागते. टाकीचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत न्यावं, तिथेच तपासावं, आणि काम झालं की सगळं १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करावं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करावं. कॉलेजच्या संस्थात्मक जैवसुरक्षा समितीने, म्हणजे आयबीएससीने, हा प्रकल्प पाहिलाय का, हेही विचारा. सरांनी तोंडी ‘हो’ म्हटलं म्हणजे मंजुरी झाली, असं नव्हे.

नोकरीचं म्हणाल, तर या जैवसुरक्षेच्या कामासाठी पुण्यासारखं गाव नाही. देशातली पहिली बीएसएल-४, म्हणजे सर्वांत कडक सुरक्षेची, प्रयोगशाळा इथल्या एनआयव्हीची (राष्ट्रीय विषाणू संस्थेची). आयसर, एनसीसीएस या संशोधन संस्था आहेतच; शिवाय सीरमसारखे लसउत्पादक. पण बी.एस्सी. होताच कुणी जैवसुरक्षा अधिकारी करत नाही. आधी एम.एस्सी., मग प्रयोगशाळेचा किंवा क्वालिटी विभागाचा अनुभव, असा रस्ता आहे. दोन दिवसांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर पैसे घालवू नका. त्यापेक्षा गटाच्या प्रकल्पाची जोखीम-नोंद तिने स्वतः लिहावी : कोणता जंतू, किती प्रमाणात, सांडला तर काय करायचं, कचरा कुठे जातो. डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं शेजारी ठेवली की आराखडा सुचेल. मुलाखतीत ही फाइल समोर ठेवता येते. बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करायची असेल तर गॅट-बी आणि आयआयटी जॅम या दोन्ही परीक्षा तिने डोळ्यांसमोर ठेवाव्यात, तयारी टी.वाय.च्या सुरुवातीला धरली तरी चालेल.