हॅलोविनला हसवणारे भुताचे सिनेमे सुचवा. मालवणला घरी भावंडं जमणार आहेत, सोबत लहान मुलंही आहेत

कोकणात बसून भुताचा सिनेमा बघायचा तर सुरुवात 'मुंज्या'नेच (२०२४) करा. आदित्य सरपोतदारचा हा हिंदी सिनेमा, पण कथा आपल्याच मातीतली: मुंज झाल्यावर मेलेला, लग्नाच्या हट्टाला पेटलेला पोरगा. मुंज्या पूर्ण संगणकावर घडवलाय, तरी त्याची खोडी अगदी गावातल्या द्वाड पोराची वाटते. सुहास जोशींची आजी मला सगळ्यात आवडली. काही जागा खरंच दचकवतात, त्यामुळे अगदी चिल्लीपिल्ली आधी झोपवा.

मुलांसोबत बघायला 'झपाटलेला' (१९९३). लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे) तात्या विंचू या भुताळी बाहुल्याशी झटापट करतो तेव्हा पडद्यावर दोन नट भांडताहेत असंच वाटतं. ती करामत बोलक्या बाहुल्यांचे कलाकार रामदास पाध्येंची. अर्थात तात्या विंचूला घाबरून कपाटातली बाहुली बाहेर ठेवायला लावणारी पोरं प्रत्येक घरात निघतातच! 'पछाडलेला'ही चालेल, पण तो दुसऱ्या दिवशी.

मुलं झोपली की मोठ्यांसाठी 'गो गोवा गॉन' (२०१३), शिव्या आणि झोंबी दोन्ही भरपूर. इंग्रजी चालत असेल तर न्यूझीलंडचा 'व्हॉट वी डू इन द शॅडोज' (२०१४) सोडू नका. शेकडो वर्षांचे रक्तपिपासू एका घरात राहतात आणि भांडी कोणी घासायची यावरून वाद घालतात.

सिनेमे आधीच डाउनलोड करून ठेवा, लॅपटॉपही चार्ज करा. ऑक्टोबरच्या शेवटी गडगडाट झाला की वीज पहिली जाते.