दशमांश थांबवून कार्डाचं कर्ज फेडावं का?

प्रश्न: आम्ही नगरजवळ राहतो. हातात येणारा पगार 58,000. घराचा हप्ता 15,500, दशमांश (पगाराचा दहावा भाग, चर्चला देतो तो) 5,800. आईच्या ऑपरेशनला क्रेडिट कार्ड वापरलं होतं, त्यावर आज 1,40,000 थकले आहेत. दरमहा किमान रक्कम म्हणून 7,000 भरतो. महिनाअखेर किराणा कमी पडला की कार्डावरच घेतो, साधारण 4,000 चा. बँकेत 2,00,000 ची मुदत ठेव आहे, व्याज 6.75 टक्के. त्यातून जुलैत मुलीच्या नर्सिंगची 70,000 फी भरायची आहे. पत्नीला शिवणकामाचे महिन्याला 2,500 मिळतात. वर्षभर दशमांश थांबवून कार्ड फेडलं तर? पत्नीला ते पटत नाही, आणि ठेव मोडायलाही ती तयार नाही.

उत्तर: दशमांश चालू ठेवा, ठेव मोडा.

आधी कार्डाचा हिशोब. व्याज महिन्याला 3.5 टक्के धरतो. तुमचा नेमका दर स्टेटमेंटवर छापलेला असतो, तो पाहून घ्या. 1,40,000 वर 4,900 व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 882, असे 5,782 झाले. तुमच्या 7,000 मधून मुद्दल फिटतं फक्त 1,218. त्याच महिन्यात 4,000 चा किराणा कार्डावर चढतो. म्हणजे दरमहा न चुकता पैसे भरूनही कर्ज वाढतंच आहे. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. तेल-साखर घेतली त्या दिवसापासून व्याज सुरू.

दशमांशाचे 5,800 कार्डाकडे वळवले आणि किराणाही कार्डावर घेतला नाही, तरी कर्ज फिटायला 15 महिने लागतील आणि जवळपास 50,000 व्याजात जातील. तोवर ती ठेव वर्षाला 13,500 मिळवत बसणार, आणि कार्ड आजच्या थकबाकीवर वर्षाला 69,000 च्या आसपास खाणार. तुमचं खरं नुकसान इथे आहे, दशमांशात नाही.

आता बायबलच्या वचनाचं बोलू. मलाखी 3:10, म्हणजे 'सगळा दशमांश आणा' हे वचन, दाखवून अडचणीतल्या माणसाला घाबरवणं मला मान्य नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून नव्हे (2 करिंथ 9:7). तुमच्याकडे ठेव नसती, तर काही महिने कमी द्या असंच मी सांगितलं असतं. पण तुमच्याकडे मार्ग आहे. मात्र त्याच पत्रात, 8:12 मध्ये, असंही आहे की देणं जवळ असेल त्यातून मान्य होतं, नसेल त्यातून नाही. रविवारी 5,800 चा लिफाफा टाकायचा आणि त्याच आठवड्यात किराण्यासाठी कार्ड घासायचं, तर त्या लिफाफ्यातले काही पैसे बँकेचे असतात. म्हणून दशमांश चालू ठेवायचा तर कार्डावरचा किराणा आजपासून बंद.

आता पत्नीची काळजी, जी अगदी रास्त आहे. 1,40,000 फेडल्यावर ठेवीतले सुमारे 60,000 उरतील. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याज थोडं कमी मिळेल: जितका काळ ठेव राहिली त्या काळाचा दर लागतो आणि त्यातूनही बऱ्याच बँका अर्धा ते एक टक्का कापतात. कार्डाच्या वर्षभराच्या व्याजापुढे ही कपात किरकोळ आहे.

कार्डाचे 7,000 मोकळे झाले की त्यातले 3,000 घरखर्चात घाला. कार्डावर 4,000 चा किराणा होत होता, म्हणजे 1,000 ची काटकसर दोघांना करावीच लागेल. उरलेल्या 4,000 ची 10 महिन्यांची आवर्ती ठेव मुलीच्या फीच्या नावाने सुरू करा. जुलैपर्यंत 40,000 आणि वर थोडं व्याज जमेल. कमी पडणारे 30,000 त्या 60,000 मधून घ्या. मग 30,000 आजारपणासाठी हाताशी राहतील. ते कमी आहेत, हे खरंच. जुलैनंतर तेच 4,000 तिथे भरत राहा.

पैसे भरताना बहुतेक जण एका ठिकाणी चुकतात. स्टेटमेंटवरचा आकडा भरला की खातं निल झालं असं समजतात, पण स्टेटमेंट निघाल्यापासून भरल्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. ते राहून गेलं तर उशीर शुल्क लागतं आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो. म्हणून आधी फोन करून त्या दिवशी खातं बंद करायला लागणारी रक्कम विचारा, ती भरा, आणि पुढचं बिलही तपासा. बँकेने 'थोडं भरा, सेटलमेंट करू' असं सुचवलं तर नको म्हणा. पुढे कर्ज मागायला गेलात की ती नोंद आडवी येते. सगळं फिटल्यावर कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते 7 कामाच्या दिवसांत बंद व्हायला हवं. थकबाकी नसल्याचं पत्र मागून जपून ठेवा.

दशमांशावर करसवलत मिळेल या हिशोबात राहू नका. नव्या करप्रणालीत देणगीवर ती नाही, आणि जुन्यातही त्यासाठी नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवरच ती मिळते. निव्वळ धार्मिक संस्थेकडे अशी नोंदणी सहसा नसते.

राहिला नाताळ. करंज्या, केक, मुलीचे कपडे यांसाठी यंदा पत्नीचे सप्टेंबर ते नोव्हेंबरचे 7,500 वेगळ्या डब्यात ठेवा, आणि खर्च तेवढ्यातच बसवा. तिच्या कमाईचा दशमांश काढायचा असेल तर 6,750 मध्ये.