दुसरा माइक लावण्याआधी

पुणे

प्रिय,

तू दोन माइक लावून केलेले गिटारचे ध्वनिमुद्रण मी आधी हेडफोनवर ऐकले आणि मग मुद्दाम दोन्ही बाजू एकत्र करून, म्हणजे मोनोमध्ये, ऐकले. हेडफोनवर गिटार प्रशस्त वाटते. मोनोमध्ये तिचे मधले सूर पोकळ होतात. दोष तुझ्या वाजवण्याचा नाही आणि माइकच्या किमतीचाही नाही. फोटोत दुसरा माइक पहिल्यापेक्षा गिटारपासून दीडेक वीत लांब दिसतो, तिथे खरी गोम आहे.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटरसाठी त्याला साधारण एक मिलिसेकंद लागतो. एवढ्या उशिराने आलेला तोच आवाज पहिल्यात मिसळला, की ५०० हर्ट्झच्या आसपासची कंपने एकमेकांना पुसून टाकतात आणि पुढे १५००, २५०० हर्ट्झलाही तेच घडते. हे खड्डे नंतर इक्वलायझरने, म्हणजे वेगवेगळे सूर कमी-जास्त करण्याच्या साधनाने, भरता येत नाहीत. माइकच हलवावा लागतो.

म्हणून आधी एकाच माइकवर समाधानकारक आवाज मिळव. बाराव्या फ्रेटसमोर (मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीसमोर), पाऊण ते एक फुटावर, तोंड किंचित गिटारच्या पोटाकडे वळवून सुरुवात कर. साउंडहोलच्या, म्हणजे पोटावरच्या गोल भोकाच्या, थेट समोर ठेवण्याचा मोह टाळ, कारण पोटातल्या हवेचा स्वतःचा घुमारा साधारण १०० हर्ट्झजवळ असतो आणि कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा, माइक जवळ नेला, की खर्ज आणखी फुगतो. हेडफोन लावून, वाजवता वाजवता खुर्ची बोटभर पुढेमागे सरकव. माझ्या मते या कामाला दिलेला वेळ संगणकावर आवाज सुधारणाऱ्या कुठल्याही महागड्या प्लगइनपेक्षा अधिक फळ देतो.

त्यानंतर दुसरा. दोन्ही माइक एकाच जातीचे असतील, तर त्यांची टोके एकावर एक आणून ९० अंशांचा कोन कर. या एक्स-वाय मांडणीत वेळेचा फरक जवळजवळ उरत नाही. रुंदी थोडी कमी मिळते, पण मोनोत दगा होत नाही. एकल वादनासाठी अधिक रुंदी हवी असेल, तर दुसरा माइक ब्रिजच्या (पोटावर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) मागच्या बाजूला, सुतळीने मोजून पहिल्याइतक्याच अंतरावर लाव. गिटार हा काही एका बिंदूतून येणारा आवाज नव्हे, त्यामुळे सुतळीचे माप ही केवळ सुरुवात समज. मोनोत ऐकत एका ट्रॅकची फेज उलटी करून, म्हणजे त्याची ध्वनिलहर वरची खाली करून, पाहा. उलटी केल्यावर आवाज भरीव होत असेल, तर माइकची जागा अजून चुकलेली आहे. गाण्याच्या साथीला मात्र मी बहुधा एकच माइक वापरेन.

खोलीबद्दल थोडेसे. फरशी आणि उघड्या भिंतींसाठी सतरंजी, गोधड्या आणि पुस्तकांचे कपाट पुरेसे आहे. पंखा बंद ठेव. पण गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असतो आणि तो खर्ज गोधडीला जुमानत नाही, तेव्हा पहाटेची वेळ धर. मुद्रण २४ बिटवर कर आणि सर्वांत जोराचा ठोका मीटरवर (जिथे शून्य ही कमाल मर्यादा असते) उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण, ठेव.

पुढच्या वेळी दोन्ही ट्रॅक न मिसळता, वेगवेगळे पाठव आणि प्रत्येक माइकचे गिटारपासूनचे अंतर सोबत लिही.

कळावे, लोभ असावा.