शिंपी राखी वटवट्याच्या कुळात कसा?

प्रश्न : पुण्याच्या वेताळ टेकडीवर मला राखी वटवट्या हा छोटा पक्षी बाराही महिने दिसतो, पर्णवटवट्या हिवाळ्यात. जुन्या पुस्तकात दोघे एकाच कुळात होते. नव्यात पर्णवटवट्याचं कूळ वेगळं आणि राखी वटवट्या चक्क शिंपी पक्ष्याबरोबर! नोंदवहीत काय लिहू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : नवं पुस्तक धरा. जुन्या वर्गीकरणात बारीक चोचीचे, मळकट रंगाचे, किडे टिपणारे बहुतेक पक्षी एकत्र घातले होते. पण पानापानांतून किडे वेचायचे तर चोच आणि बांधा तसाच लागतो, त्यामुळे नातं नसलेले पक्षीही एकसारखे दिसतात. 2006 मध्ये स्वीडिश पक्षिशास्त्रज्ञ पेर आल्स्त्रोम आणि सहकाऱ्यांनी डीएनए ताडून पाहिला आणि पर्णवटवटे, बोरूवटवटे (बोरूच्या बेटांत वावरणारे वटवटे) यांना स्वतंत्र कुळं देण्याची मांडणी केली. ती आता सर्वमान्य आहे.

शिंप्याचं मात्र मला नवल वाटत नाही. राखी वटवट्याचं घरटं पाहिलंय का? पावसाळ्यात रुंद पानांच्या झुडपात, अगदी खाली शोधा. तोही पानं टाचून घरटं करतो! दोघांची शेपटी उभी, दोघे इथलेच रहिवासी. हिरवट पर्णवटवट्या हिमालयातून आणि त्याही पलीकडून येतो, झाडाच्या शेंड्याशी वावरतो आणि उन्हाळा तापला की परततो.

पुणेकरांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. राखी वटवट्या आणि साधा वटवट्या या दोघांना शास्त्रीय नावं दिली ती दख्खन पायाखाली घातलेल्या कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने, 1832 मध्ये. त्याने या दोघांना ‘प्रिनिया’ प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ठेवलं आणि त्याच वेळी नाव दिलेल्या ‘रामा’ या आणखी एका वटवट्याला ‘सिल्व्हिया’त. रामाची प्रजाती पुढे बदलत गेली, आज तो बोरूवटवट्यांच्या कुळात ‘इडुना रामा’ आहे. प्रिनिया मात्र आजही प्रिनियाच आहेत. डीएनएचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाची ही नजर! मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

नोंदवहीत मराठी नाव लिहाच, ते बदलू नका. शेजारी शास्त्रीय नाव देवनागरीत लिहा. कुळासाठी वेगळा रकाना ठेवा आणि तो पेन्सिलीने भरा, कारण ही कुळं अजूनही हलताहेत. पर्णवटवट्यांत नेमका कोणता ते कळलं नाही, तर नुसतं ‘पर्णवटवट्या’ पुरे. पण झाड कोणतं, पक्षी किती उंचीवर होता आणि कसा ओरडला, हे तिथेच उभ्याने टिपा. पंखावरच्या पुसट पट्टीपेक्षा आवाजावरून त्यांची ओळख लवकर पटते.